चरबी ‘वितळविणाऱ्या’ गोळ्या : दावे आणि वस्तुस्थिती

माहीमच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून लेडी जमशेटजी मार्गाने शीतळादेवीच्या देवळाकडे निघालेल्या माणसास वाटेत चार-पाच ठिकाणी तरी वजन घटविण्याचे आश्वासन भेटते. लोकलच्या डब्यातील चिकटपत्रे, विजेच्या खांबावर डकविलेले दूरध्वनी क्रमांक, औषधाच्या दुकानातील काचेच्या कपाटात मांडलेले रंगीत डबे, व्यायामशाळेच्या दारातील फलक आणि आता हातातील मोबाइलचा पडदा, या सर्वांवरील मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो. आठ दिवसांत पाच किलो, व्यायाम नको, पथ्य नको, दुष्परिणाम नाहीत, शंभर टक्के नैसर्गिक. शेजारीच दुकानात माहीमचा हलवा कागदाच्या घड्यांमध्ये रचून ठेवलेला असतो. तो निदान आपल्याबद्दल काही खोटे सांगत नाही.

या मालाच्या ग्राहकांना भोळसट म्हणून हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. लग्न ठरलेली मुलगी, बाळंतपणानंतर अंगाने भरलेली आई, गुडघे धरल्यामुळे चाळीचा जिना चढताना थांबणारी गृहिणी, रक्तातील साखर वाढल्याचे नुकतेच कळलेला पन्नाशीतील कारकून, अशी ही मंडळी असतात. त्यांची अडचण खरी असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी वा स्थूल आढळले. स्थूलतेबरोबर मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांची शक्यता वाढते, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे आणि तो जगापुढे ठळकपणे मांडण्याचे श्रेय पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे जाते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा देहभारांक दोघांचाही २२.३ असा अगदी सारखा होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगातही, विशेषतः पोटाभोवती, चरबी साचलेली असू शकते. म्हणूनच आपल्याकडील डॉक्टर काट्यावरील आकड्याबरोबर कमरेचा घेरही मोजतात आणि पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. काटा खाली आला म्हणजे हा धोका टळलाच, असे नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील हिशेब नीट समजेल.

हिशेब काय सांगतो?

शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक, म्हणजे कॅलरी, साठविलेले असतात. बैठे काम करणाऱ्या मध्यम बांध्याच्या पुरुषास दिवसाला साधारणपणे २,१०० उष्मांक लागतात. स्त्रीस त्याहून कमी. आता समजा की, अशा पुरुषाने आठ दिवस पाण्याखेरीज काहीही घेतले नाही आणि त्याच्या शरीराने आपली सारी गरज केवळ चरबीतूनच भागविली. तरीही आठ दिवसांत १६,८०० उष्मांक खर्च होतील आणि चरबी घटेल ती सव्वादोन किलोंच्या आतच. पाच किलो चरबी जाण्यासाठी ३८,५०० उष्मांक खर्ची पडावे लागतील, म्हणजे रोज ४,८०० च्या वर. निर्जळी एकादशी करणाऱ्यासही जे साधणार नाही, ते रोज दोन वेळ जेवून एका गोळीने साधते, असा हा दावा आहे.

तथापि आठवडाभरात काटा दोन-तीन किलोंनी खाली आल्याचा अनुभव पुष्कळांना येतो, आणि तो खोटा नसतो. यकृत आणि स्नायू यांत ग्लायकोजेन नावाच्या स्वरूपात सुमारे अर्धा किलो पिष्टमय साठा असतो व त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भात, पोळी, साखर कमी केली की पहिल्या काही दिवसांत हा साठा रिता होतो आणि त्याच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे जाते. वजन घटविण्याच्या ‘चहा’मध्ये सोनामुखी असेल तर जुलाब होऊन आणखी पाणी जाते. लघवी वाढविणारे द्रव्य मिसळले असेल तर त्याहूनही अधिक. चरबी जवळजवळ जागच्या जागी राहते. नेहमीचे जेवण सुरू होताच पाणी परत येते, काटा पूर्ववत होतो आणि विक्रेता सांगतो की, तुम्ही पथ्य मोडलेत. दोष उत्पादनाचा न ठरता ग्राहकाचा ठरतो व दुसरा डबा विकला जातो. या व्यवसायाचे बरेचसे गणित या एका वाक्यावर चालते.

चरबी ‘वितळते’ हा शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. तव्यावरील लोण्याप्रमाणे ती वितळून घामावाटे वा शौचावाटे बाहेर पडते, असे चित्र त्यातून डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात चरबीचे शरीरात ज्वलन होते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासकांनी त्याचा जमाखर्च मांडला. दहा किलो चरबी पूर्णपणे खर्ची पडली, तर तिच्यातील ८.४ किलो भाग कर्बवायूच्या रूपाने फुप्फुसांवाटे बाहेर जातो आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. आणि त्यासाठी बाहेरून सुमारे २९ किलो प्राणवायू श्वासातून घ्यावा लागतो. चरबी जाण्याचा मोठा मार्ग श्वासाचा आहे. कमरेला पट्टा बांधून काढलेला घाम हा केवळ घामच होय.

कोकमाची कथा

वजन घटविण्याच्या कॅप्सूलमध्ये ‘गार्सिनिया’ हे नाव वारंवार आढळते. ऐकावयास परदेशी वाटणारे हे नाव आपल्या स्वयंपाकघराशी निकटचे नाते सांगते. कोकणातील रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका. गोपी टँक मंडईत आमसुले म्हणून जी विकत घेतली जातात, ती त्याचीच वाळविलेली साल. कॅप्सूलमध्ये बहुधा वापरली जाते ती मात्र त्याची केरळातील भावंड, गार्सिनिया कॅम्बोजिया, म्हणजे मलबारी चिंच. केरळी लोक ती माशाच्या कालवणात घालतात.

या फळातील प्रमुख आम्ल कोणते, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली निश्चित केले. ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल होय. कोकमाच्या सालीतही ते असते. पुढे काही वर्षांतच असे दिसून आले की, पिष्टमय पदार्थांपासून चरबी तयार करण्याच्या प्रक्रियेतील एका विकराचे कार्य हे आम्ल रोखते. उंदरांना ते खाऊ घातले तेव्हा त्यांची भूक मंदावली आणि वजन कमी झाले. येथपर्यंतचे संशोधन प्रामाणिक होते. उंदरात आढळले ते माणसातही घडेल, असे गृहीत धरून बाजाराने पुढची उडी मारली. परंतु नेहमीचे मिश्र अन्न खाणाऱ्या माणसाच्या शरीरात पिष्टापासून नव्याने चरबी बनण्याचे प्रमाण मुळात थोडेच असते. आपली चरबी मुख्यतः आहारातील तेला-तुपातूनच साठते. जो दरवाजा फारसा वापरातच नाही, त्याला कुलूप लावून लाभ तो किती होणार?

याची कसोटी १९९८ साली लागली. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात स्टीव्हन हाइम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ अतिवजनी स्त्रीपुरुषांची दोन गटांत विभागणी केली. एका गटास रोज दीड ग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल मिळेल अशा बेताने गार्सिनिया देण्यात आले. दुसऱ्या गटास तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणास काय मिळते आहे, हे रुग्णांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांना १,२०० उष्मांकांचा, भरपूर चोथा असलेला आहार आखून दिलेला होता. बारा आठवड्यांनंतर गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोंनी आणि पोकळ गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलोंनी घटले होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर या दोहोंतील फरकाला अर्थ नव्हता.

या प्रयोगातील पोकळ गोळी घेणाऱ्या गटाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. काहीही गुण नसलेली गोळी घेऊन या माणसांनी तीन महिन्यांत चार किलो वजन उतरविले. ते उतरविले आहाराने. बाजारातील जवळजवळ प्रत्येक डब्यात असाच एक आहाराचा कागद घडी घालून ठेवलेला असतो. रात्री भात नको, तळलेले नको, साखर नको, सकाळी अर्धा तास चालणे. जो हा कागद पाळतो त्याचे वजन घटते आणि कृतज्ञता मात्र डब्याच्या वाट्याला जाते. ‘मला गुण आला’ असे शपथेवर सांगणारी माणसे म्हणूनच खोटारडी नसतात. त्यांना गुण आला होता. तो कशाने आला, एवढेच त्यांना उमगलेले नव्हते.

सोळा माणसांचा प्रयोग

दुसरी कथा आपल्या शेजारच्या राज्यातील आहे आणि ती गार्सिनियाच्या कथेइतकी निरागस नाही. न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क घेतला असता आहार न बदलता वजन उतरते, असा शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग बंगळूरमध्ये झाला होता आणि त्यात माणसे होती अवघी १६. बावीस आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी घटल्याचे निबंधात म्हटले होते. त्याच वर्षी अमेरिकेतील एका अतिशय लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात मेहमेत ऑझ या डॉक्टरांनी हिरव्या कॉफीची वाखाणणी केली आणि पाहता पाहता जगभरच्या बाजारांत तिचे डबे दिसू लागले. आपल्याकडेही ते आले आणि अजूनही आहेत.

पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. प्रयोग करणाऱ्या मुख्य संशोधकाने सहभागी व्यक्तींच्या वजनांचे आकडे वारंवार बदलले, प्रयोगाचा कालावधी बदलला आणि कोणास अर्क दिला व कोणास पोकळ गोळी दिली याच्या नोंदीही एकमेकींशी जुळत नव्हत्या, असे आयोगाने आरोपपत्रात म्हटले. प्रयोगास पैसा पुरविणाऱ्या अमेरिकी कंपनीने सप्टेंबर २०१४ मध्ये ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले. पुढच्याच महिन्यात लेखकांनी निबंध मागे घेतला. त्याआधी जून २०१४ मध्ये ऑझ यांना अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे उभे राहून आपल्या शब्दांचा जाब द्यावा लागला होता. परंतु मागे घेतलेल्या निबंधाची बातमी डब्यावर छापली जात नाही. ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ ही अक्षरे तेवढी राहतात.

सफरचंदाच्या शिरक्याचेही तेच झाले. लेबनॉनमधील १२० तरुणांवर बारा आठवडे केलेला, मोठी घट दाखविणारा प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि आकडेवारी विश्वासार्ह नसल्यामुळे २०२५ साली प्रकाशकांनी तो मागे घेतला. शिरक्याच्या गोड गोळ्या दरम्यान दुकानांत पोचल्या होत्या.

गोळीने खरोखर वजन घटते तेव्हा

येथवर जी उत्पादने पाहिली त्यांनी मुख्यतः खिसा हलका होतो. ज्या ‘नैसर्गिक’ गोळीने भूक खरोखरच मरते, छाती धडधडते, झोप उडते आणि वजन झपाट्याने उतरते, तिच्याविषयी अधिक चिंता वाटावयास हवी. कारण अशा वेळी वेष्टनावर न छापलेले काहीतरी आत असण्याची शक्यता बळावते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात छुप्या औषधांची भेसळ असल्याबद्दल जाहीर केलेल्या ७७६ पूरक उत्पादनांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ४१ टक्के वजन घटविण्याची होती आणि त्यांत सर्वाधिक वेळा सापडलेले द्रव्य होते सिब्युट्रामिन. हे एके काळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे भूक मारणारे औषध होते. सुमारे दहा हजार रुग्णांवरील दीर्घ अभ्यासात, आधीपासून हृदयविकार असलेल्यांमध्ये त्याने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढत असल्याचे दिसले. २०१० साली युरोप-अमेरिकेतून ते मागे घेतले गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारत सरकारने त्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. दुकानातून गेलेले हे औषध मागील दाराने, वनस्पतींच्या चित्रांचे वेष्टन पांघरून परत येते. ज्याला रक्तदाब आहे आणि म्हणूनच ज्याला वजन उतरविण्याची निकड आहे, त्याच माणसाला ते सर्वांत घातक असते. थायरॉइडचे संप्रेरकही अशा गोळ्यांत सापडलेले आहे. त्याने चरबीबरोबर स्नायू आणि हाडेही झिजतात व हृदयाची लय बिघडते.

या मार्गावर जुन्या थडग्यांची रांगच आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हे रसायन हाताळणारे कामगार कृश होत, त्यांना घाम फुटे आणि काही दगावत. यावरून स्फूर्ती घेऊन १९३३ पासून अमेरिकेत ते वजन उतरविण्यासाठी दिले जाऊ लागले. सुमारे एक लाख लोकांनी ते घेतल्याचा अंदाज आहे. अनेकांना मोतीबिंदू झाले, काही मरण पावले आणि १९३८ मध्ये नवा औषध कायदा होताच ते बंद पडले. फेनफ्लुरामिनने हृदयाच्या झडपा निकामी केल्या. १९९७ मध्ये अमेरिकेतून आणि पुढे भारतातूनही ते गेले. एफेड्राच्या पूरकांवर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली. डायनायट्रोफिनॉल मात्र आजही इंटरनेटवरून ‘चरबीजाळक’ म्हणून विकले जाते आणि ब्रिटनमध्ये त्याने तरुण मुलामुलींचे बळी घेतले आहेत.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. हिरव्या चहाचा पेला निरुपद्रवी आहे. त्याचा कडक अर्क मात्र वेगळी वस्तू आहे. त्यातील मुख्य द्रव्य रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रेत पूरकांतून घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसू लागतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नमूद केले. भूक मंदावणे, मळमळणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही जाणवल्यास गोळी तत्काळ थांबवून, डबा बरोबर घेऊनच रुग्णालय गाठावे. डॉक्टर विचारतात की, काही औषध घेता का? ‘औषध नाही, पावडर घेते’ असे मनाशी म्हणून रुग्ण ‘नाही’ असे उत्तर देतो आणि निदानाला मौल्यवान दिवस लागतात.

आयुर्वेदाचा हवाला देणाऱ्या उत्पादनांविषयी एवढेच सांगता येईल की, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलतेचा विचार तपशिलाने आलेला आहे. पचावयास जड परंतु पोषण न वाढविणारे अन्न, व्यायाम, जागरण आणि चिंतन ही त्यात सांगितलेली साधने आहेत आणि ती क्रमाक्रमाने वाढवीत न्यावीत असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. गुळवेल, त्रिफळा यांचाही उल्लेख आहे. आठ दिवसांचा वायदा तेथे कोठेही नाही.

कायदा काय म्हणतो?

औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा या बाबतीतील जुना आणि अजूनही लागू असलेला कायदा. त्याच्या अनुसूचीत ५४ रोग व विकारांची नावे आहेत. त्यांच्या निदानासाठी, उपचारासाठी वा प्रतिबंधासाठी एखादे औषध उपयुक्त आहे अशी जाहिरात लोकांसाठी करणेच निषिद्ध आहे; दावा खरा की खोटा, हा प्रश्नही तेथे उद्भवत नाही. या यादीत स्थूलता आहे. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध केल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याने केलेली ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या मोठी वाचनीय आहे. सूचनापत्र, वेष्टन, लेबल इतकेच नव्हे, तर तोंडी केलेली अथवा प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तीत येते. धुराने जाहिरात करणारा आज कोणी उरला नसेल, पण मोबाइलच्या पडद्यावर उजळणारी जाहिरात प्रकाशाची नाही, असे कोण म्हणेल? हा कायदा भाषणस्वातंत्र्यावर आक्रमण करतो, अशी तक्रार हमदर्द दवाखाना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. डिसेंबर १९५९ मधील निर्णयात न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द ठरविल्या. मात्र अशा औषधांच्या व्यापारी जाहिरातीस त्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे स्पष्ट केले.

मग हे डबे उघडपणे कसे विकले जातात? उत्तर एका शब्दात आहे: ‘अन्न’. विक्रेता म्हणतो की, हे औषध नव्हे, हा पूरक आहार आहे. परंतु तेथेही वाट मोकळी नाही. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २२ प्रमाणे पूरक आहाराने विशिष्ट रोग वा विकार बरा करण्याचा दावा करावयाचा नाही. कलम ५३ प्रमाणे अन्नाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार निरोगी राहणीचे महत्त्व कमी लेखणारी जाहिरात करता येत नाही. ‘व्यायाम नको, पथ्य नको’ हे शब्द याच तरतुदीच्या कक्षेत येतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते. औषध म्हणावे तर एक कायदा आडवा येतो, अन्न म्हणावे तर दुसरा. म्हणून हल्ली जाहिरातदार ‘चयापचयास साहाय्य’, ‘आकारात राहा’ अशी गुळगुळीत भाषा वापरतात आणि उरलेले काम छायाचित्रांवर सोपवितात.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने या साखळीत जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींनाही ओढले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकास व शिफारस करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते; शिफारस करणाऱ्यास ठरावीक काळ जाहिरातींपासून दूर ठेवू शकते. २०२५ साली या प्राधिकरणाने व्हीएलसीसी या कंपनीस चरबी गोठविण्याच्या यंत्रोपचाराविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल तीन लाख रुपयांचा दंड केला. दंडाची रक्कम अशा व्यवसायाच्या मानाने लहान वाटेल, आणि ती तशी आहेच.

सर्वांत अवघड असते ती ओळखीतून होणारी विक्री. जाहिरात नाही, दुकान नाही. सोसायटीतील काकू किंवा नणंदेची मैत्रीण डबा घेऊन येते. तिला स्वतःला कोणीतरी साखळीत गुंतवलेले असते आणि माल खपला नाही तर तिचेच पैसे अडकतात. प्रत्यक्ष विक्रीविषयीच्या डिसेंबर २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड पद्धतीच्या योजनांना मनाई केली आहे आणि विक्रेत्यास माघारीची मुदत दिली पाहिजे, असे म्हटले आहे. तरीही शेजारणीला ‘नको’ म्हणणे कायद्याने सोपे होत नाही. अशा वेळी ‘डॉक्टरांना लेबल दाखवून सांगते’ हे उत्तर संबंध न तोडता बहुतेक ठिकाणी काम करते.

लेबलावर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक, घटक व त्यांचे प्रमाण, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द आणि औषध म्हणून वापरण्यासाठी नाही अशा अर्थाची सूचना असावयास हवी. हा क्रमांक म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. वजन घटते असे शासनाने मान्य केले, असा त्याचा अर्थ होत नाही. ‘गुप्त मिश्रण’ असे लिहून घटकांचे वेगवेगळे प्रमाण दडविलेले असेल तर डबा जागच्या जागी ठेवावा.

वजनावर परिणामकारक उपाय नाहीतच, असे मात्र नाही. आतड्यात चरबीचे शोषण काही प्रमाणात रोखणारे ऑर्लिस्टॅट, २०२५ पासून भारतात आलेली टिर्झेपटाइडची व स्थूलतेसाठीची सेमाग्लुटाइडची इंजेक्शने, काही रुग्णांसाठी शस्त्रक्रिया, हे उपाय काटेकोर प्रयोगांत तपासलेले आहेत. त्यांचे दुष्परिणाम नोंदलेले आहेत आणि म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. गुण येणाऱ्या उपायाची खूण ही की, त्याच्या कागदावर दुष्परिणामांची यादी असते.

आणि चालण्यास माहीमकरांना दूर जावयास नको. १९२७ पर्यंत माहीम पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी सुमारे १.१७ किलोमीटरची आहे. सत्तर किलो वजनाच्या माणसाने पाच फेऱ्या घातल्या तर सुमारे ३०० उष्मांक खर्च होतात. आहार तोच ठेवून हे रोज केल्यास एक किलो चरबी उतरण्यास महिन्याच्या आसपास काळ लागेल. गती मंद आहे खरी.

फसवणूक झाल्याचे वाटल्यास ग्राहकांसाठीच्या १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय माहीमच्या खाडीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि औषधविषयक व अन्नविषयक असे दोन्ही कायदे राबविण्याचे काम याच प्रशासनाकडे असल्याने, डबा औषधाचा की अन्नाचा हा वाद तक्रारदाराने सोडविण्याची आवश्यकता नाही. पावती, डबा, उरलेल्या गोळ्या आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवावे. अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून एक अन्न विश्लेषकाकडे पाठविला जातो व विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. याखेरीज, फारशा लोकांना ठाऊक नसलेली एक तरतूद कलम ४० मध्ये आहे. खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास तसे सांगून कोणीही ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ ठरावीक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. पदार्थ कायद्याच्या तरतुदींना धरून नाही असे अहवालात आढळले, तर भरलेले शुल्क त्यास परत मिळते.